जनावरांची सोबत आणि जंतांची वाट

“घरात मांजर आहे आणि सून गरोदर आहे, मांजर कुठे सोडू?” “सोनोग्राफीत यकृतात पाण्याची गाठ निघाली, कुत्र्यामुळे झाली म्हणतात. घरातल्या इतरांनाही होईल का?” “आम्ही शाकाहारी, तरी मुलाच्या मेंदूत जंत गेलाच कसा?” असे प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. विचारणाऱ्यांत गोठा सांभाळणारे आहेत, शेळ्यामेंढ्या राखणारे आहेत, मटणाच्या दुकानात काम करणारे आहेत आणि फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणारेही आहेत.

भीती सगळ्यांच्या मनात आहे, पण काळजी बहुधा भलत्याच जागी घेतली जाते. मांजर घराबाहेर जाते आणि कोथिंबीर न धुताच पोटात जाते. म्हणून या लेखात कोणता धोका कुठून येतो, तो कुठे अडवायचा आणि अडचण आलीच तर कुठे जायचं, एवढंच पाहू.

आधी वाट ओळखा

जनावराला नुसता हात लावला, त्याच्याजवळ बसलात, एवढ्याने बहुतेक जंत लागत नाहीत. परजीवी माणसाच्या अंगात शिरतात त्या वाटा मोजक्याच आहेत:

- विष्ठेतून तोंडात: जंतांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. हात, नखं, माती, पाणी आणि कच्च्या पालेभाजीवरून ती पोटात जातात.
- कच्च्या मांसातून तोंडात: मांस नीट शिजलं नाही तर त्यातले परजीवी जिवंत राहतात.
- कातडीतून: कुत्र्यामांजरांची विष्ठा पडलेल्या ओल्या मातीत किंवा वाळूत अनवाणी चाललं की अंकुशकृमीच्या अळ्या पायात शिरतात. कातडीखाली खाजरी, लाल, नागमोडी रेघ उमटते आणि ती रोज थोडी पुढे सरकते.
- चावणाऱ्या किड्यांमुळे: गोचीड आणि पिसवा स्वतःही परजीवी आहेत आणि दुसरे आजारही आणतात.

एक फरक पक्का लक्षात ठेवा. रेबीज हा विषाणूचा आजार आहे, जंतांचा नाही. कुत्र्याला जंताचं औषध दिलं म्हणून रेबीजची लस टाळता येत नाही आणि लस दिली म्हणून जंत मरत नाहीत. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुमच्या कामात धोका कुठे आहे?

- मेंढपाळ, शेळीपालक: राखणीच्या कुत्र्याची विष्ठा, मेलेल्या जनावराचे अवयव, गाभडलेल्या शेळीची वार.
- दूध व्यावसायिक: लहान वासरांची हगवण, गोचीड, न उकळलेलं दूध.
- खाटीक, कत्तलखान्यातले कामगार: काळीज-फुप्फुसातल्या गाठी कुत्र्यापर्यंत पोचणं, त्याच हातांनी खाणं.
- वराहपालक: उघड्यावर शौचास बसण्याची जागा आणि मोकाट डुकरं एकत्र असणं.
- कुत्रा-मांजर पाळणारे: जंताचं औषध न दिलेली पिल्लं आणि अंगणातल्या मातीत खेळणारी मुलं.
- पशुवैद्यक, सहायक, श्वानपथकं, प्राणीमित्र: रोजचा संपर्क आणि घाईत राहून गेलेले हातमोजे.

कुत्रा, बकरं आणि पाण्याची गाठ

रविवारी सकाळी मटणाच्या एखाद्या दुकानासमोर उभे राहून पाहा. बकऱ्याचं काळीज फळीवर येतं. त्यावर कधी लिंबाएवढा पांढुरका, मोत्यासारखा चकचकणारा फोड असतो. सुरीचं टोक लागलं की स्वच्छ पाण्याची चिळकांडी उडते. “पाणी धरलंय” म्हणत दुकानदार तेवढा भाग कापतो आणि फळीखाली बसलेल्या कुत्र्यापुढे टाकतो. गिऱ्हाईकाला चांगलं मटण मिळतं, कुत्र्याचं पोट भरतं, पण त्या एका हालचालीत आजाराचं चक्र पूर्ण होतं.

तो फोड म्हणजे हायडॅटिड गाठ. तिच्यात एका पट्टकृमीची असंख्य बारीक पिल्लं असतात. कुत्र्याच्या आतड्यात गेल्यावर साधारण सहा आठवड्यांत त्यांचे जंत होतात. ते जेमतेम काही मिलिमीटर लांब असतात, म्हणून विष्ठेत डोळ्यांना दिसत नाहीत. कुत्राही ठणठणीत दिसतो. पण त्याच्या विष्ठेतून पडलेली अंडी गवतावर, पाण्यात आणि त्याच्याच केसांना चिकटून राहतात. गवत खाणाऱ्या शेळीला गाठ होते आणि कुत्र्याला कुरवाळून तसाच घास घेणाऱ्या माणसालाही होते.

माणसात ही गाठ बहुतेक वेळा यकृतात होते, त्याखालोखाल फुप्फुसात. ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि अनेकदा भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा दुखणं, फुप्फुसात असेल तर खोकला, कधी खोकल्यातून अचानक खारट पाणी येणं, ही तिची लक्षणं.

या गाठीबद्दल सर्वांत जास्त गोंधळ होतो, तो असा सोडवा:

- गाठ असलेलं काळीज चुकून खाल्लं तर? त्यातून माणसाला हायडॅटिड होत नाही. माणसाला तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळेच होतो.
- रुग्णापासून घरच्यांना होतो का? नाही. ताट, कपडे, अंथरूण वेगळं करू नका. मात्र सगळे त्याच कुत्र्यासोबत राहत असतील तर इतरांचीही सोनोग्राफी करून घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा.
- सुई घालून पाणी काढून घेऊ का? पूर्वतयारीशिवाय कधीही नाही. गाठ फुटली तर आतल्या पाण्याने जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते आणि नव्या गाठी पसरू शकतात. सुई घालण्यापूर्वी “ही हायडॅटिड असू शकेल का? आमच्याकडे कुत्रा आणि मेंढरं आहेत,” हे डॉक्टरांना आपणहून सांगा.
- ऑपरेशन लागतंच का? प्रत्येकाला नाही. गाठ कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ठरतं. कधी नुसतं लक्ष ठेवतात, कधी अल्बेंडाझोल या जंतनाशकाचा दीर्घ कोर्स देतात, कधी पूर्ण तयारीनिशी सुईने गाठ रिकामी करतात, कधी शस्त्रक्रिया करतात. गोळ्या लांबल्या तर यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या अधूनमधून कराव्याच लागतात.

चक्र तोडण्याच्या चार पायऱ्या

1. काळीज, फुप्फुस, आतडी कुत्र्याला कच्ची घालू नका. घालायचीच तर पाऊण तास खळखळ उकळून घाला.
2. गाठी असलेले अवयव आणि मेलेली जनावरं कुत्र्याला उकरता येणार नाहीत इतक्या खोल पुरा, वर दगड रचा. दुकानात झाकणाची बादली ठेवा.
3. वाड्यावरच्या आणि घरच्या कुत्र्याला पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेल द्या, वर्षातून किमान चार वेळा. जिथे गाठी वारंवार दिसतात तिथे दर सहा आठवड्यांनी. मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्यकांकडून घ्या.
4. औषध दिल्यावर कुत्रा दोन दिवस बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा खोल पुरा किंवा जाळा. औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत.

घरातली पिल्लं आणि लहान मुलं

कुत्रीच्या पोटात असतानाच पिल्लाला गोलकृमी लागू शकतात. म्हणून “पिल्लू घरातच जन्मलं, बाहेर गेलंच नाही” या भरवशावर राहू नका. दोन आठवड्यांचं झालं की पहिलं औषध, मग आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी, असा साधारण क्रम असतो. आईलाही सोबत औषध द्या.

या जंताची अंडी विष्ठेतून पडल्या पडल्या लागण करत नाहीत, त्यांना मातीत दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे विष्ठा रोज उचलली तर मोठा धोका तिथेच संपतो. उचलली नाही तर अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात. ती मुलाच्या पोटात गेली तर अळ्या यकृत, फुप्फुस आणि कधी डोळ्यापर्यंत जातात. मूल एका डोळ्याने कमी दिसतं म्हणालं, किंवा नव्याने तिरळं बघू लागलं, तर नेत्रतज्ज्ञांना कुत्रा किंवा मांजर पाळल्याचं जरूर सांगा. घराजवळ बांधकामाच्या वाळूचा ढीग असेल तर तो रात्री ताडपत्रीने झाका. भटक्या कुत्र्यामांजरांची ती आवडती जागा असते.

गरोदर बाई आणि मांजर

मांजर सोडून देण्याची गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजर सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे विष्ठेतून बाहेर टाकते. ती विष्ठा लागण करण्याजोगी व्हायलाही एक ते पाच दिवस लागतात. म्हणून:

- मांजराच्या मातीचं घमेलं रोज साफ झालं पाहिजे, आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावं. कोणीच नसेल तर हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा.
- मांजराला कच्चं मांस देऊ नका.
- बागेत, शेतात मातीकाम करताना हातमोजे घाला. पालेभाजी, कोथिंबीर, काकडी, गाजर भरपूर पाण्यात धुवा.
- मटण आतपर्यंत शिजवा, खिम्याचं मीठ कच्चं चाखून पाहू नका. शेळीचं दूध उकळूनच प्या.
- शेळी-मेंढी विताना किंवा गाभडताना मदतीला जाऊ नका. तिथला धोका घरच्या मांजरापेक्षा मोठा असू शकतो.

गरोदरपणात संसर्गांसाठी होणाऱ्या “टॉर्च” रक्ततपासणीचा अहवाल पाहून घाबरू नका. त्यातल्या प्रतिपिंडांपैकी आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह म्हणजे बहुधा जुनी लागण. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर बाळाला तिचा सहसा धोका नसतो. नुसता आयजीएम पॉझिटिव्ह आला तरी तो जुन्या लागणीनंतर महिनोन् महिने तसाच राहू शकतो. पुढची खात्रीची तपासणी झाल्याशिवाय कोणताही मोठा निर्णय घेऊ नका.

डुक्कर, कोबी आणि मेंदूतला जंत

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. डुकराच्या मांसात साबुदाण्याच्या दाण्यांसारखे पांढरे फोड असतील आणि ते मांस कच्चं राहिलं, तर खाणाऱ्याच्या *आतड्यात* पट्टकृमी होतो. मेंदूतल्या गाठी मात्र त्या पट्टकृमीची *अंडी* पोटात गेल्याने होतात, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. ज्याच्या आतड्यात जंत आहे त्याने शौचानंतर हात न धुता स्वयंपाक केला, किंवा मैल्याचं पाणी भाजीला गेलं, तर आयुष्यात मांस न खाल्लेल्यालाही गाठ होऊ शकते. कोबीचा त्यात वेगळा दोष नाही. कच्चा खाल्ला जाणारा कोणताही पाला तेवढाच जोखमीचा आणि धुतल्यावर तेवढाच कमी जोखमीचा.

- शौचात पांढरे, चपटे, फितीच्या तुकड्यांसारखे भाग दिसले तर लाजू नका, नमुना घेऊन डॉक्टरकडे जा. त्या एकाच्या उपचाराने अख्खं घर सुरक्षित होतं.
- फिट आली असेल किंवा पूर्वी येत असेल तर जंताची गोळी स्वतःहून घेऊ नका. मेंदूतली गाठ मरताना सूज येते आणि फिट वाढू शकते. म्हणून डॉक्टर आधी मेंदूचं स्कॅनिंग आणि डोळ्यांची तपासणी करतात, सोबत सूज कमी करणारी औषधं देतात.
- फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नका.
- डुकरं बंदिस्त पाळा आणि घरचं शौचालय वापरा. डुकरापर्यंत मैला पोचला नाही की जंताची वाट तिथेच बंद होते.

गोठ्यात काय सांभाळायचं?

वासराची हगवण. एका महिन्याच्या आतल्या वासराला पाण्यासारखी हगवण लागली तर त्यामागे क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असू शकतो. तो माणसालाही लागतो. धडधाकट माणूस आठ-पंधरा दिवसांत बरा होतो. पण लहान मुलं, एचआयव्ही असलेले आणि कॅन्सरचे उपचार घेणारे यांना तो गंभीर ठरतो. वासरू वेगळं बांधा, त्याला पाजायला एकाच माणसाला नेमा, ते शेण सारवायला घेऊ नका. पाण्यातल्या क्लोरीनने हा परजीवी मरत नाही, पाणी उकळा.

गोचीड. अंगावर चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. बोटांनी चिरडू नका, रॉकेल ओतू नका, काडीने चटका देऊ नका. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये माकडतापाची साथ आली. हा विषाणूचा आजार जंगलातले गोचीड पसरवतात आणि चरायला गेलेली गुरं ते गोचीड घरी आणतात. अशा भागात ताप आला तर “जंगलात गेलो होतो, गोचीड चावला होता” हे पहिल्याच भेटीत सांगा.

खरूज. जनावराची खरूज माणसाला खाज आणते, पण ते किडे माणसावर वाढू शकत नाहीत. जनावरावर उपचार झाले की तुमची खाज आपोआप थांबते. रात्री वाढणारी खाज बोटांच्या बेचक्यांत असेल आणि घरातल्या इतरांनाही सुटली असेल, तर ती माणसांचीच खरूज. तिच्यासाठी सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावं लागतं.

सर्रा. माश्यांमुळे गुरांना, घोड्यांना होणारा हा रक्तातला आजार माणसाला होत नाही, असं मानलं जायचं. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पशुपालकाच्या रक्तात तो परजीवी सापडला. त्याच्या रक्तात या परजीवीला मारणारं प्रथिनच नव्हतं. औषधाने तो बरा झाला. नंतर गावातल्या लोकांची तपासणी झाली, तेव्हा कोणाच्याही रक्तात परजीवी दिसला नाही. धोका इतका विरळ आहे. तरी सर्रा झालेल्या जनावराचं रक्त आपल्या उघड्या जखमेला लागू देऊ नका आणि रेंगाळणारा ताप अंगावर काढू नका.

औषधांच्या बाबतीत हमखास होणाऱ्या चुका

- “दर सहा महिन्यांनी सगळे अल्बेंडाझोल घेतो, मग भीती कसली?” 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी 1 ते 19 वर्षांच्या मुलांच्या पोटातल्या माणसांच्याच जंतांसाठी आहे. मुलांना ती जरूर द्या. हायडॅटिड, टोक्सोप्लाझ्मा किंवा क्रिप्टोस्पोरिडियम तिने टळत नाही.
- जनावराचं इंजेक्शन किंवा औषध माणसाने घेणं. मात्रा आणि द्रावण वेगळं असतं. कधीही घेऊ नका.
- कुत्र्याचं गोचीडनाशक मांजराला लावणं. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजर दगावू शकतं.
- गाय-म्हशीला औषध दिल्यावर लगेच तिचं दूध विकायला घालणं. लेबलवर किती दिवस दूध विकायचं नाही ते लिहिलेलं असतं, ते पाळा.
- साबणाऐवजी सॅनिटायझर. जंतांची अंडी त्याने मरत नाहीत. साबण, वाहतं पाणी आणि कापलेली नखं यांना पर्याय नाही.

डॉक्टरांना काय सांगाल?

बरेच वाचक “पोट दुखतं” एवढंच सांगून परत येतात. त्याऐवजी चार वाक्यं तयार ठेवा: मी काय काम करतो किंवा करते, घरी कोणती जनावरं आहेत, त्यांना शेवटचं जंताचं औषध कधी दिलं, अलीकडे कोणतं जनावर आजारी पडलं, गाभडलं किंवा मेलं. आणि केसपेपरवर तुमचा व्यवसाय लिहून घ्या. त्याचा उपयोग उपचारालाही होतो आणि हक्क मागतानाही.

तुमचे हक्क

- जनावरांसाठी: 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. कुत्र्याच्या जंताचं औषधही जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.
- माणसांसाठी: 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.
- कागदपत्रं: उपचारांची कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.
- नोकरीतला आजार: 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजारांची यादी आहे. पशुवैद्यकीय काम, जनावरं किंवा त्यांची कलेवरं हाताळण्याचं काम यातून झालेले संसर्गजन्य आणि परजीवी आजार तिच्या ‘अ’ भागात येतात. 2025 मध्ये ही संहिता लागू होण्यापूर्वी ही यादी 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात होती. ‘ब’ भागातल्या आजारांना सहा महिने सलग नोकरीची अट आहे, ‘अ’ भागाला ती नाही. मालकाला लेखी कळवा, पगाराचा पुरावा आणि डॉक्टरांचा दाखला जपा, उशीर करू नका. ईएसआय असेल तर त्या कार्यालयात जा.
- सोसायटीत: कुत्रा-मांजर पाळण्यावर सोसायटी बंदी घालू शकत नाही. विष्ठा उचलणं मात्र तुमचंच काम आहे.

आज एवढं करा

1. घरातल्या प्रत्येक जनावराला शेवटचं जंताचं औषध कधी दिलं, ते कॅलेंडरवर लिहा. आठवत नसेल तर तीच तुमची पहिली भेट, पशुवैद्यकांकडे.
2. गोठ्याच्या आणि दुकानाच्या दारात साबण टांगा.
3. गमबूट आणि हातमोजे कामाच्या जागीच ठेवा, घरात आणू नका.
4. मुलांची नखं कापा.

आणि फळीखाली आशेने बसलेल्या त्या कुत्र्याला हाकलू नका. तो तुमच्या मेंढरांची, दुकानाची राखण करतो, त्याच्या पोटाची सोय तुम्हीच करायची आहे. त्याचा वाटा बादलीत ठेवा, झाकण लावा, संध्याकाळी पाऊण तास उकळा आणि मग त्याच्यापुढे ठेवा. त्या पाऊण तासात त्याचं पोट सांभाळलं जातं आणि तुमच्या घरातल्यांचंही.